भरीचा पाला

माझ्या सासूनं मला पाला दाखवला तो प्रेमानं नव्हे. मी तो तिच्याकडून काढून घेतला. कसा घेतला ते आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

आमचं घर हुपरीत. पुढं ओटा, मागं कारखाना. कारखाना म्हणजे दहा बाय पंधराची खोली, एक भट्टी, बसायला दोन पाट आणि भिंतीला टांगलेले पैंजण. गावात घरोघर हेच. पैंजणाच्या कामात कुणाचा हात भाजतो, कुणाला पत्रा कापतो, कुणाच्या अंगावर तेजाब उडतं. म्हणून गावात माझी सासू चिमणाबाई मोठी. तिच्याकडं जखमेचा पाला होता. सकाळी तिच्या ओट्यावर यायचं, ती लेप लावणार, पैसा घेणार नाही आणि पाल्याचं नाव सांगणार नाही. नाव घेतलं की गुण जातो. दुसऱ्याला दाखवला की दाखवणाऱ्याच्या हाताचा गुण जातो. म्हणून ज्याच्याकडं असतो तो मरायला टेकल्यावरच देतो, तोही एकालाच.

चिमणाबाई बाजेला खिळली तेव्हा चैत्राचं ऊन होतं. तिला पाला तिच्या लेकीला, तानाबाईला द्यायचा होता. तानाबाई जयसिंगपुरात दिलेली. मी तानाबाईला निरोपच धाडला नाही. लोक विचारायचे, लेक आली का? मी म्हणायची, तिला कुठली सवड. सासूला दोन वेळा भाकरी कुस्करून दिली, ते कुणी नाही म्हणणार नाही. पाणी मागितलं की मात्र तांब्या समोर धरायची आणि म्हणायची, "आत्ती, आदी पाला."

पहिल्या दिवशी तिनं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या. शिव्या चांगल्या द्यायची ती, माझ्या माहेरची सात पिढ्यांची माणसं बाहेर काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिची जीभ टाळूला चिकटली. तेव्हा म्हणाली, "ओढ्याच्या काठाला करंज हाय. त्याच्यावर वेल चढलाय, मोडला की दुधागत चीक येतोय. त्यो खरा पाला."

"आणि कंबरमोडी? ती तर तू रोज आणतीस."

"ती भर. मूठभर कंबरमोडी, चिमटभर हळद, त्यात वेलाची दोन पानं. लोकांनी वास घेतला तर कंबरमोडीच लागावी. ती बांधाबांधाला उगवती, शेळ्या खात्यात. तिच्या मागं कोण लागंल?"

मला ते लगेच पटलं. कारण ती रोज सकाळी कंबरमोडीचा बिंडा आणायची, तो त्याच वेलानं बांधलेला असायचा. इतकी वर्षं मी तो वेल डोळ्यानं बघत होते. मनात म्हटलं, थेरडी काय हुशार, खरा पाला दोरी म्हणून सगळ्यांच्या नाकासमोरून घरात आणत होती.

मी तिला पाणी पाजलं. सगळा तांब्या प्याली, माझ्याकडं बघितलं आणि हसली. मला वाटलं, पाणी पोटात गेल्याचं हसू. पाचव्या दिवशी गेली.

ह्याला एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षं मी त्या ओट्यावर बसले. हुपरीतले, रेंदाळचे, पार खाली बोरगावपर्यंतचे लोक आले. गाडीवरून पडलेला आला, कोयता लागलेला आला, दवाखान्यानं महिना फिरवलेला आला. कंबरमोडी निवडायची, कुटायची ती सून. वाटी घेऊन मी आतल्या खोलीत जाणार, कडी लावणार, वेलाची पानं चुरडून त्यात मिसळणार, मग बाहेर येणार. लोक मला आक्का म्हणायचे, पाया पडायचे. मी पाय मागं घेत नव्हते. का घ्यावे?

आता सून सांगते. अनुजा गडमुडशिंगीची. बारावी झालेली, आणि ती बारावी तिनं सोळा वर्षांत उतरू दिली नाही. काम मात्र वाघिणीसारखं करते, खोटं कशाला बोलू. घुंगरं जोडताना तिचा हात चालतो तसा माझ्या विश्वजितचाही चालत नाही. विश्वजित माझा एकुलता एक. नवरा गेल्यावर मी त्याला ह्या दोन हातांनी वाढवला, आणि ते सुनेला दिवसातून एकदा तरी ऐकवलं.

गेल्या दिवाळीनंतर अनुजाला पाल्याची घाई सुटली. एकदा ओट्यावर दहा माणसं बसलेली असताना म्हणाली, "आत्ती, मला एकदा दाखवून ठेवा की. माणसाचं काय, आज हाय उद्या न्हाय."

मी म्हटलं, "माझी तिरडी बांधाय घेतलीस काय? कळक आणलास का अजून आणायचा हाय?"

लोक हसले. ती पण हसली, पण तिच्या कानाची पाळी लाल झाली होती. पुढच्याच आठवड्यात मी ओढ्याला निघाले, तर ही मागं पन्नास पावलांवर, डोक्यावर पदर, हातात रिकामी बुट्टी. मी तिला जवळ येऊ दिलं. मग भर रस्त्यावर, आकाराम पाटलाच्या गोठ्यासमोर, तिच्या हातातली बुट्टी घेऊन तिच्या डोक्यावर पालथी घातली आणि म्हटलं, "चोरटे, अशीच उभी ऱ्हा, मी माघारी येईस्तोवर." ती उभी राहिली. मी मुद्दाम तासभर लावला. आकाराम दूध काढून झाल्यावरसुद्धा गोठ्यातच घोटाळत होता, मजा बघत.

त्यानंतर आठव्या दिवशी कारखान्यात गॅसची नळी निसटली.

मी पुढं ओट्यावर होते. आतून आधी फस्स असा आवाज आला, मग विश्वजितची किंकाळी. पळत गेले तर भट्टीच्या तोंडाशी हातभर जाळ. विश्वजितचा उजवा हात त्यात सापडलेला, मनगटाखाली, बोटांवर. अनुजानं जाळात हात घालून टाकीची चावी फिरवली, म्हणून घर वाचलं. तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलला. विश्वजितचं भाजलं होतं ते तळहाताएवढं. तिचं त्याच्या चौपट.

शेजारच्यांनी दोघांना गावातल्या डॉक्टरकडं नेलं. पांढऱ्या पट्ट्या बांधून, गोळ्या घेऊन दोघं तासाभरात परत आली. ओट्यावर गल्ली जमलेली. त्यातलं कुणीतरी हळूच म्हणालं, "आक्काच्याच घरात डॉक्टरची पट्टी."

ते मला लागलं. विश्वजितला मी माझ्या हातानं पाटावर बसवलं आणि त्याची पट्टी सोडली. तो म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणालेत परवापर्यंत सोडू नका."

"डॉक्टरला त्याची आई काय लावायची ते इचार जा," मी म्हटलं. "एकतीस वर्सं मी दुनियेचं बरं करते आणि माझ्या पोरानं धडपं बांधून फिरायचं?"

अनुजानं आपली पट्टी आपणच सोडली. मी सांगितलं नव्हतं. माझा लेप मिळणार म्हणून सोडली.

तिनं एका हातानं कंबरमोडी कुटली. वाटी घेऊन मी आतल्या खोलीत गेले, कडी लावली. आणि तिथं, त्या अंधारात, मला ते सुचलं.

पोटच्या पोराला भेसळ कशाला? लोकांना भर घालून द्यायची, कारण लोकांपासून पाला लपवायचा. पोरापासून काय लपवायचं? चांदीत जशी दुसरी धातू घालतात तशी ही भर. माझ्या पोराला मी निव्वळ चांदी देणार. म्हणून त्याच्या वाटीत मी नुसता वेल वाटला, दाट, चिकाळ, वर चिमटीभर हळद.

आणि अनुजाच्या वाटीत नुसती भर राहू दिली. वेलाचं पान नाही, देठ नाही. मनात म्हटलं, हिला पाला पाहिजे होता न्हवं? हिला कळू दे पाल्याशिवाय काय होतं. आठ दिवस सडू दे, पू होऊ दे, मग येईल माझ्या पायाशी. मग गल्लीसमोर लावीन. व्रण राहिला तर राहिला, बांगड्या भरताना आठवण राहील.

लेप लावताना विश्वजितनं दात खाल्ले. "आई, आग आग व्हायलीय गं."

"खरं औषध आग करतंय. गोड लागायला काय बासुंदी हाय?" मग मी अनुजाला ऐकू जाईल असं म्हटलं, "तुझ्यात भर न्हाय बाळा. खालिस हाय."

मग अनुजा पाटावर बसली. तिच्या हाताला मी लेप लावत होते आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

तिसऱ्या दिवशी विश्वजितच्या बोटांवर पिवळट साय आली. मी म्हटलं, घाण बाहेर पडतेय. पाचव्या दिवशी त्याच्या हाताला वास यायला लागला. जेवताना तो डाव्या हातानं खायचा आणि उजवा पाठीमागं धरायचा, आपल्यालाच वास येऊ नये म्हणून. मी जास्त वेल लावला, दिवसातून दोनदा. आणि अनुजाचा हात मी जेव्हा जेव्हा बघितला तेव्हा तेव्हा मला तिचा राग आला. कारण पाणी सुटायचं थांबलं होतं. कडेनं गुलाबी कातडी आत आत सरकत होती, बाळाच्या टाळूसारखी.

मला वाटलं, ही चोरून डॉक्टरचं मलम लावते. तिची पेटी तपासली, साड्यांच्या घड्या उलगडून बघितल्या. काही नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी ओट्यावर माणसं बसली होती. हातात कोयता लागलेला एक पावणा होता, शेजारची चार घरं होती. अनुजा आतून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आत्ती, मला लावताय त्योच लेप ह्यांना लावा की. माझं भरत आलंय."

किती साधं बोलली. आवाज चढवला नाही, टोमणा नाही. पण ती काय बोलली ते मलाच कळलं. मी हो म्हटलं असतं तर दोघांना वेगळं लावत होते हे गल्लीला कळलं असतं.

"दोघांस्नी एकच लावते मी," मी म्हटलं. "तुझं कातडं म्हशीचं. माझं पोर नाजूक हाय."

लोक हसले. पावणा पण हसला. अनुजा आत गेली.

पण माझं मन खाऊ लागलं. दुपारी मी इमामबीकडं गेले. इमामबी म्हणजे माझ्या सासूची जिवाभावाची, मशिदीमागच्या बोळात राहते. आता पंच्याऐंशी तरी असेल, डोळ्यानं कमी दिसतं, पण डोकं पैंजणाच्या कडीसारखं घट्ट. दोघी मिळून ओढ्याला जायच्या. तिची नात तमन्ना चहा करत होती.

"इमामबी, आत्ती पाला आणायची तवा तू संगं असायचीस न्हवं?"

"व्हय की. बारा वर्सं."

"काय काय घ्यायची?"

ती बोळक्या तोंडानं हसली. "आता मला इचारतीस? तू पाल्याची धनीण न्हवं?"

"सांग की म्हातारे."

"कंबरमोडी घ्यायची. दुसरं काय घ्यायची?"

"आणि वेल? करंजावरचा, दुधाचा?"

"त्यो व्हय." तिनं हातानं गाठ मारून दाखवली. "त्यो बिंडा बांधायला. लई चिवट. घरी आली की सोडून उकिरड्यावर फेकायची. एकदा माझ्या हाताला त्याचा चीक लागला, तर चिमणी माझ्या अंगावर वरडली, ‘धू आदी, जखमंवर गेला तर कुजवंल.’ शेळी तोंड लावत न्हाय त्याला."

तमन्नानं चहा पुढं केला. मी तो तसाच ठेवला.

रस्त्यानं येताना मला सासूचं ते हसणं आठवलं. तिनं मला पाला दिलाच होता, सगळा, कंबरमोडीसकट. फक्त खऱ्याला भर म्हणाली आणि दोरीला पाला म्हणाली. लोकांचं वाईट होऊ नये म्हणून भर मूठभर सांगितली आणि वेल दोन पानं. लोक बरे होत राहणार, आणि मी जन्मभर दोरीला जपत बसणार. तहानेल्या बाईला एवढा हिशोब सुचला, हे तिचं मोठेपण मी आजही मान्य करते.

आता पुढचं सांगते. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

घरी आले तेव्हा विश्वजित भिंतीला टेकून बसला होता. त्याच संध्याकाळी मी त्याच्या हातावरचा वेल धुऊन काढायला पाहिजे होता. अनुजाला हाक मारायची, दुसरी वाटी कुटून दे म्हणायचं, एवढंच. पण सकाळीच तिनं चारचौघांत तेच सांगितलं होतं आणि मी तिला म्हैस म्हटलं होतं. आता संध्याकाळी मी तिच्यापुढं वाटी धरायची? मी स्वतःला म्हटलं, इमामबी म्हातारी झालीय, तिला काय आठवतंय. म्हटलं, आणखी एक दिवस बघू. सातव्या दिवशी वेल लावला. आठव्या दिवशी लावला. त्याला ताप आला तरी नवव्या दिवशी सकाळी लावला.

नवव्या दिवशी दुपारी तो बडबडायला लागला. अनुजानं मला विचारलं नाही. आकारामची गाडी बोलावली, त्याला मागं झोपवला आणि कोल्हापूरला नेला. मी आपणहून गाडीत चढले, मला कुणी ये म्हटलं नव्हतं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, पण बोलायला सरळ. "भाजणं एवढं नव्हतं," तो म्हणाला. "जखम आत सडलीय. तीन दिवस आधी आणलं असतं तर बोटं वाचली असती." अंगठ्याशेजारची दोन बोटं काढावी लागली. पैंजण करणाऱ्याला त्या दोन बोटांशिवाय चिमटा धरता येत नाही, कडी जोडता येत नाही. आता तो उरलेल्या हातानं चांदी तोलू शकतो, तेवढंच.

त्याला आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी होतो.

"माझ्या लेपात चीक नव्हता," अनुजा म्हणाली.

"कसला चीक?"

"आत्ती, सोळा वर्सं तुमची वाटी मी घासते. चीक कडेला चिकटतोय, राख लावल्याबिगर निघत न्हाय. माझी वाटी पहिल्या दिवसापासनं नुसत्या पाण्यानं निघाली. ह्यांची वाटी दगडानं घासावी लागली."

"मग बोलली का न्हाईस?"

"पहिल्यांदा वाटलं, मला सडवाय बघताय. म्हटलं, सडू दे, मग हात घेऊन गल्लीत हिंडते. पाचव्या दिवशी बघते तर माझंच बरं." तिनं डावा हात माझ्यापुढं धरला. "सहाव्या दिवशी मी बोलले. काय बोलले ते ध्यानात हाय न्हवं?"

मी पदर सारखा केला.

"आणि त्याच दुपारी तुम्ही इमामबीकडं गेलता. तमन्नानं सांगितलं मला. काय काय बोलणं झालं ते पण सांगितलं."

"कवा सांगितलं?"

"आज. गाडीत बसायच्या आदी." ती माझ्याकडं वळली. "त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी तुमचा हात मोडून त्यांना इथं आणलं असतं."

सुनेनं सासूला असं बोलायची आमच्यात रीत नाही. मी ऐकून घेतलं.

"ह्यांना मी कायबी सांगणार न्हाय," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा. जेवढं सांगवंल तेवढं."

घरी आल्यावर गल्ली बघायला आली. विश्वजित पांढऱ्या पट्टीतला हात मांडीवर ठेवून बसायचा आणि येईल त्याला सांगायचा, "आईनं नऊ दिवस झोप घेतली न्हाय. तिच्या हाताला गुण हाय, माझ्याच नशिबात नव्हता." बायका मला पदरानं डोळे पुसायला लावायच्या. अनुजा चहा आणायची आणि म्हणायची, "आत्ती, पावण्यांना सांगा की कसं झालं ते." मग मी सांगायची, नशीब, दुसरं काय. ती पेले गोळा करायची आणि आत जायची. दुसरा पावणा आला की पुन्हा तेच.

पंधरा-वीस दिवसांनी टाके सुकत आले. एका सकाळी विश्वजित म्हणाला, "आई, डॉक्टरच्या मलमानं नुसती खाज सुटलीय. तुझा पाला लाव. लोकांना लावतीस त्यो नको. मागच्यागत खालिस."

मी म्हटलं, "आता मिळत न्हाय त्यो."

"मिळत न्हाय म्हंजे? मी नेतो तुला गाडीवरनं. कुठं लांब नसंल."

अनुजा दारात उभी होती. पाट्यावरचा हात पुसत म्हणाली, "घेऊन जावा की. आत्ती कुणाला दाखवत न्हाईत, पण पोटच्या पोराला दाखवतील."

त्यानं मला गाडीवर बसवलं, उजव्या हाताच्या राहिलेल्या बोटांनीच मूठ पिळत ओढ्याला आणलं. बांधावर कंबरमोडी पसरली होती, पिवळी बारीक फुलं वर काढून. मी एक मूठ उपटली आणि त्याच्यापुढं धरली.

"हाच पाला."

त्यानं बघितलं आणि हसला. "आई, ही कंबरमोडी. पोरं गुडघं फुटलं की चोळत्यात."

"हीच."

"लोकांना फसव, मला का फसवतीस? माझ्या हाताला लावलास त्याला दुधागत चीक होता. मी काय आंधळा हाय?" त्याचं तोंड उतरलं. "मला पण सांगायचं न्हाय व्हय? हात गेला माझा, आता पाल्याबिगर मी दुसरं काय घेऊन बसणार हाय? बोटं न्हाईत, निदान ते तरी द्यायचं."

हे त्याच्या मनात होतं. चिमटा सुटला, आता आईचा ओटा आपल्याला मिळेल, ह्या आशेवर तो पंधरा दिवस हसत बसला होता.

तो उठला आणि काठानं हिंडायला लागला. करंजापाशी थांबला. वेल खाली लोंबत होता. त्यानं राहिलेल्या बोटांनी वेल धरला आणि ओढला. वेल चिवट, तुटेना. शेवटी दातात धरून तोडला, आणि चीक त्याच्या हातावर, टाक्यांवर ओघळला.

मी पळत गेले. ह्या वयात मी कशी पळाले देव जाणे. त्याचा हात धरून ओढ्यात बुडवला आणि घासू लागले. तो दुखतंय म्हणून ओरडत होता. घासता घासता मी सांगितलं. वेल म्हणजे दोरी आहे. तुझ्या आजीनं मला उलटं सांगितलं. तुझ्या बायकोला मी नुसती भर लावली आणि तुला नुसता वेल. पाण्यात बघून सांगितलं, त्याच्याकडं बघितलं नाही.

त्यानं हात पाण्यातून काढून घेतला. मग रडायला लागला, चाळिशीचा बाप्या. आणि मला वाटलं, आता मारतो. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "आजी अशी कशी गं. तुला तरी काय ठावं, आई. तू चांगलंच कराय गेलीस."

त्या वेळी मी उरलेलं सांगू शकले असते. तीन सकाळींचं. माझ्या तोंडात आलं होतं. पण त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, लहानपणी असायचं तसं, आणि मी गिळलं.

घरी आलो तर अनुजा ओट्यावर कुटत होती. चार माणसं लेपाला बसलेली. विश्वजितनं तिला आत नेलं आणि सगळं सांगितलं. मी उंबऱ्यावर बसून ऐकत होते. तो माझी बाजू घेऊन सांगत होता. आजीनं फसवलं, आईचा काय दोष.

अनुजानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्तींना हे कवा कळलं म्हणे?"

तो माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यात संशय नव्हता, नुसती वाट बघणं होतं.

"काल," मी म्हटलं. "काल इमामबीकडं गेलते, तवा."

"काल व्हय," अनुजा म्हणाली.

"व्हय."

"बरं."

ती बाहेर आली. ओट्यावर माझी चटई होती, तिथं उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "सरका."

मी सरकले.

तेव्हापासून तिथं ती बसते. लोक तिच्या पाया पडतात, ती पाय मागं घेत नाही. विश्वजितला आधी ते खटकलं. त्यानं विचारलं, आई, ओटा मला का न्हाय दिलास? मी म्हटलं, मीच तिला दिला, तिच्या हाताला गुण हाय. त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा विचारलं नाही.

पण अनुजाला ते एकदा ऐकून पुरत नाही. रोज सकाळी नवा माणूस आला की ती वाटी मांडीवर ठेवते आणि माझ्याकडं बघत थांबते. मला म्हणावं लागतं, "तिच्याकडनं लावून घ्या पावणं, माझ्यापरीस तिच्या हाताला गुण हाय." माझं बोलून होईस्तोवर ती लेपात बोट घालत नाही.